हिशेबाचे चित्र कोणी काढावे?

खातेउतारा हा वाचण्याचा दस्तऐवज आहे. आलेख हा पाहण्याचा. उताऱ्यातील दोनशे नोंदी ओळीने वाचूनही जी गोष्ट ध्यानात येत नाही, ती एखादी चढती-उतरती रेषा क्षणार्धात सांगून जाते. ही किमया संगणकयुगाची नव्हे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषालेखांच्या रूपाने मांडले, त्याच ग्रंथात एक स्तंभालेखही घातला, आणि १८०१ मध्ये वर्तुळालेखाची भर घातली. आज शाळेपासून शेअर बाजारापर्यंत सर्वत्र वावरणारे हे तिन्ही प्रकार प्रारंभी व्यापार, महसूल आणि राष्ट्रांची संपत्ती समजावून देण्यासाठी योजले गेले, ही बाब बँकेच्या ग्राहकांनी आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. पैशाचा हिशेब आणि आलेख यांचे नाते जन्मापासूनचे आहे.

आज घरगुती किंवा लहान व्यवसायाचा हिशेब ठेवण्यासाठी ज्या मुक्तस्रोत आज्ञावली उपलब्ध आहेत, त्यांत ग्नूकॅश, केमायमनी, फायरफ्लाय-थ्री अशी नावे प्रामुख्याने घ्यावी लागतील. त्या विनामूल्य मिळतात. परंतु त्यांचे खरे मोल त्याहून वेगळे आहे. त्यांची घडण उघडी असते. आपल्या रुपया-पैशाचे गणित कोणत्या रीतीने केले जाते, हे जाणकाराला आतपर्यंत जाऊन तपासता येते. गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार, एकट्याने व्यवसाय करणारे सल्लागार, निवृत्तीनंतर ठेवींचे नियोजन करणारे ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी ही साधने मोठ्या उपयोगाची आहेत.

मात्र या आज्ञावलींत दिसणारे आलेख बहुधा त्या आज्ञावलीच्या कर्त्यांनी स्वतः काढलेले नसतात. ते काम एका तयार भांडाराकडे सोपवलेले असते. संगणकाच्या परिभाषेत त्याला लायब्ररी म्हणतात. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे या शब्दाने पुस्तकांची कपाटे उभी राहतात. येथे मात्र अर्थ ‘इतरांनी घडवून ठेवलेल्या सुट्या भागांचा संच’ असा घ्यावयाचा. सुताराने बिजागऱ्या बाजारातून आणाव्यात, तसे आज्ञावलीकार आलेखाची लायब्ररी आणतात. बाजारात बिजागऱ्या अनेक आहेत. कोणती निवडावी, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्याचे परिणाम हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचतात.

या निवडीत देखणेपणाला जे अग्रस्थान दिले जाते, ते मला मान्य नाही. हिशेबाच्या आज्ञावलीने लायब्ररी निवडताना सर्वप्रथम स्वतःला असे विचारावे की, उद्या ही काढून दुसरी बसवण्याची वेळ आली, तर खतावणीला धक्का न लावता ते करता येईल काय? कारण अशी वेळ येतेच. खतावणी तीस वर्षे चालते. आलेखाच्या लायब्ररीचे आयुष्य सहसा त्याच्या निम्मेही नसते.

ग्नूकॅशचेच उदाहरण घ्या. १९९७ साली ‘एक्स-अकाउंटंट’ या नावाने सुरू झालेला हा प्रकल्प आज पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे. द्विनोंदी पद्धतीवर आधारलेली त्याची खतावणी मूलतः तीच राहिली. आलेख काढणारा हात मात्र पुनःपुन्हा बदलला. प्रारंभीच्या काळात हे काम ग्नोम प्रकल्पातील ‘गुप्पी’ या लायब्ररीकडे होते. गुप्पीचे काम थांबले आणि तिच्यावर विसंबून असलेल्यांची अडचण झाली. जी वस्तू कोणी सांभाळत नाही, ती नव्या प्रणालीवर बसवणे दिवसेंदिवस कठीण होत जाते. २००६ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत गुप्पीची जागा ‘गॉफिस’ने घेतली. ही लायब्ररी ग्नूमेरिक या मुक्तस्रोत कोष्टकपत्राच्या उदरातून निघालेली, त्यामुळे आकड्यांशी परिचित आणि घराण्याने चांगली. तरीही २०१० च्या अखेरीस आलेल्या २.४ या आवृत्तीने वेगळाच मार्ग धरला. अहवाल दाखवण्यासाठी वेबकिट हे ब्राउझरचे इंजिन आज्ञावलीतच बसवले गेले आणि त्यासोबत ब्राउझरच्या भाषेत लिहिलेली ‘जेक्यूप्लॉट’ आली. काही वर्षांनी जेक्यूप्लॉटचीही वाढ थंडावली, आणि पुढे तिची जागा ‘चार्ट जेएस’ला मिळाली. म्हणजे एकाच खतावणीने चार लायब्रऱ्या पाहिल्या.

या तीन स्थित्यंतरांत वापरणाऱ्यांच्या नोंदींना बाधा आली नाही, याचे श्रेय एका साध्या रचनेला आहे. ग्नूकॅशचे अहवाल स्कीम नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. अहवाल लिहिणारा ‘मला स्तंभालेख हवा, हे आकडे, ही शीर्षके’ एवढेच सांगतो. ते सांगणे अमुक एका लायब्ररीच्या बोलीत रूपांतरित करण्याचे काम मधला एक पातळ थर करतो. लायब्ररी बदलली की मुख्यतः तो थर नव्याने लिहावा लागतो. रोजकीर्द आणि खतावणी यांना या उलाढालीचे सोयरसुतक नसते. भाडेकरू बदलला म्हणून कोणी घराचा पाया खणत नाही, तशातलाच हा प्रकार.

याउलट, एखाद्या लायब्ररीच्या खास करामतींवर भाळून तिच्या आज्ञा सर्व अहवालांत पेरल्या, तर ती थकली की आज्ञावलीही थकते. मुक्तस्रोत प्रकल्पात काम करणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. तीनशे ठिकाणी पेरलेल्या आज्ञा उपटून नव्या लावण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो.

वेबकिटच्या निवडीला एक मोलही मोजावे लागले, ते सांगितले पाहिजे. ब्राउझरच्या भाषेतील लायब्ररी घेतली की अख्खे ब्राउझर-इंजिन पाठीवर घ्यावे लागते. ग्नूकॅश जी वेबकिट शाखा वापरते, तिने पुढे विंडोजचा आधार सोडला. परिणामी विंडोजवरील ग्नूकॅशला जुनी आवृत्ती दीर्घकाळ सांभाळत बसावे लागले. लायब्ररी निवडताना तिच्यामागे उभ्या असलेल्या गोतावळ्यालाही निवडावे लागते. लग्नाच्या बोलणीत स्थळाबरोबर घरही पाहतात, ते उगीच नव्हे.

आता आलेखाच्या खरेपणाविषयी. येथे मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण याबाबत आज्ञावलीकार आणि वापरणारे दोघेही फारसे सावध नसतात.

बचत खात्यातील शिल्लक कशी बदलते? एक तारखेला वेतन जमा झाले, पाच तारखेला घरभाडे आणि कर्जाचा हप्ता गेला, पुढे काही दिवस काहीच घडले नाही. शिल्लक एकदम उडी घेते, मग स्थिर राहते, पुन्हा एकदम उतरते. तिचे प्रामाणिक चित्र पायऱ्यांसारखे असते. परंतु बहुसंख्य लायब्रऱ्या दोन बिंदू तिरप्या रेषेने जोडतात. १ तारखेची शिल्लक ५२,००० रुपये आणि ३० तारखेची ४,००० रुपये असेल, तर अशी रेषा महिन्याच्या मध्यावर सुमारे २८,००० रुपये दाखवते. प्रत्यक्षात ती रक्कम त्या दिवशी खात्यात असेलच असे नाही. कदाचित पाच तारखेलाच शिल्लक चार-पाच हजारांवर आली असेल. तापमानाच्या आलेखाला तिरपी रेषा शोभते, कारण तापमान सरकत सरकत बदलते. पैसा तसा सरकत नाही.

याहून घातक प्रकार म्हणजे वळणदार रेषा. चार्ट जेएसच्या दुसऱ्या मालिकेत रेषालेखाला आपोआप गोलाई दिली जाई. २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या मालिकेपासून ती सवय बदलून सरळ रेषा हाच मूळ पर्याय ठरवला गेला. ही गोलाई दिसायला मोहक असते. पण समजा, लागोपाठच्या चार तारखांना शिल्लक ४८,०००, ६००, ६०० आणि पुन्हा ४८,००० रुपये अशी आहे. वरून वेगाने खाली येणारी वळणदार रेषा ६०० वर येऊन थांबत नाही. झोकांडी खाऊन ती शून्याच्याही खाली उतरू शकते आणि मग वर येते. बँकेच्या पुस्तकात जे खाते एकदाही ऋण झाले नाही, ते पडद्यावर ऋण झालेले दिसते! संस्थेच्या वार्षिक सभेत असा आलेख पडद्यावर झळकला, तर खजिनदारांवर कोणता प्रसंग गुदरेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

स्तंभालेखाचा दोष निराळा. स्तंभाची उंची हीच त्याची भाषा असल्याने तो शून्यापासून उभा राहिला पाहिजे. ९५ आणि १०० या दोन रकमांचे स्तंभ ९० पासून उभे केले, तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट भासतो. चार्ट जेएसच्या दुसऱ्या मालिकेत शून्यापासून आरंभ करण्याची सूचना कार्यक्रम लिहिणाऱ्याने स्वतः द्यावी लागे, आणि ती द्यायची राहून गेल्याने किती आलेख अतिशयोक्तीचे बळी ठरले असतील ते सांगता येणार नाही. पुढील मालिकेत स्तंभालेखासाठी शून्याचा आरंभ हा मूळ पर्याय झाला.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे पर्याय बदलता येतात. पायरीदार रेषा चार्ट जेएसमध्ये आहे, डी-थ्रीमध्ये आहे, ग्नूप्लॉटसारख्या १९८६ पासूनच्या जुन्याजाणत्या साधनातही आहे. मग तक्रार कसली? तक्रार अशी की, ज्या सूचना दिल्या जात नाहीत, त्यांचेच राज्य चालते. स्वयंसेवक रात्री अकरा वाजता अहवाल लिहितो, लायब्ररी जे आपोआप काढते ते स्वीकारतो आणि झोपी जातो. म्हणून लायब्ररीची यादीभर वैशिष्ट्ये पाहण्याऐवजी ती काहीही न सांगता काय काढते, हे आधी पाहावे. ग्रामोद्योग असो वा गृहकर्ज, अर्जातील रिकाम्या रकान्यात काय गृहीत धरले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते, हे बँकेत वावरणाऱ्यांना सांगावयास नको.

अचूकतेविषयी एक लहानसा मुद्दा. ग्नूकॅश रकमा अंश आणि छेद अशा पूर्णांकांच्या जोडीने साठवते, त्यामुळे पैशाचा पैसा जुळतो. आलेखाच्या लायब्रऱ्या दशांश अपूर्णांकांचे द्विमान रूप वापरतात, त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. चित्र काढताना ही सूक्ष्म तफावत डोळ्यांना दिसत नाही. परंतु एकूण बेरीज, टक्केवारी, व्याज ही कामे लायब्ररीकडे सोपवू नयेत. तिने रेघा ओढाव्यात. हिशेब खतावणीने करावा.

गोपनीयतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००७ साली गूगलने एक सोयीची सेवा सुरू केली होती. संकेतस्थळाच्या पत्त्यातच आकडे लिहून पाठवायचे आणि उत्तरादाखल तयार आलेखाचे चित्र मिळवायचे. लायब्ररी बसवण्याची यातायात नाही, खर्च नाही. अनेकांना ती भावली. पण विचार करा, घरखर्चाचा वर्तुळालेख काढण्यासाठी किराणा, औषधोपचार, शाळेचे शुल्क आणि कर्जहप्ता यांचे आकडे दर वेळी परक्या सर्व्हरकडे रवाना करायचे! २०१२ मध्ये ती सेवा जुनी म्हणून घोषित झाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. तिच्यावर विसंबलेल्या पानांवर आलेखांच्या जागी रिकाम्या चौकटी उरल्या. त्याच कंपनीची नंतरची आलेख-सेवा आकडे ब्राउझरमध्येच हाताळते, मात्र तिची आज्ञावली कंपनीच्या सर्व्हरवरूनच उतरवून घ्यावी, आपल्याकडे प्रत ठेवू नये, अशी तिची अट आहे. आंतरजाल नसताना हिशेब पाहू इच्छिणाऱ्याला ती निरुपयोगी ठरते.

परक्या सर्व्हरवरून सुटे भाग आणण्यातील धोका २०२४ मध्ये साऱ्या जगाने अनुभवला. पॉलिफिल या नावाची, असंख्य संकेतस्थळे वापरीत असलेली एक सेवा नव्या मालकाच्या हाती गेली आणि तिच्यामार्फत घातक आज्ञा वाचकांच्या ब्राउझरपर्यंत पोहोचू लागल्या. संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी काहीच बदलले नव्हते. दाराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलेली होती, आणि शेजारी घर विकून गेला. ग्नूकॅश चार्ट जेएसची प्रत स्वतःसोबतच देते. आर्थिक आज्ञावलीसाठी हाच मार्ग मला योग्य वाटतो.

परवान्याविषयी लिहिताना बहुतेक लेखक कंटाळा आणतात, तरी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांत अंतर आहे. नॉर्वेतील हायचार्ट्स ही लायब्ररी गुणवत्तेने उत्तम, परंतु व्यावसायिक उपयोगासाठी तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. मुक्तस्रोत संकल्पनेच्या प्रचलित व्याख्येनुसार आज्ञावली कोणत्या क्षेत्रात वापरावी यावर बंधन घालता येत नाही. तेव्हा घरगुती हिशेबासाठी चालणारी आणि दुकानाच्या हिशेबासाठी न चालणारी लायब्ररी अशा प्रकल्पात घेता येत नाही, मग ती कितीही देखणी असो. मॅटप्लॉटलिब, चार्ट जेएस, डी-थ्री यांचे परवाने या दृष्टीने उदार आहेत. ग्नूप्लॉटचे नाव ऐकून तो ग्नू प्रकल्पाचा भाग असावा असा समज होतो, तो चुकीचा आहे; त्याचा परवाना स्वतंत्र आहे आणि सुधारलेली संहिता मूळ संहितेसह एकत्र न वाटता केवळ दुरुस्त्यांच्या रूपाने वाटावी, असे तो सांगतो. जेफ्रीचार्ट या जावा भाषेतील लायब्ररीची गंमत आणखी वेगळी. २००० सालापासून लायब्ररी विनामूल्य, पण तिची सविस्तर मार्गदर्शिका मात्र विकत मिळत असे. कर्त्याच्या उदरनिर्वाहाची ही तोड मला तरी सरळ आणि सभ्य वाटते.

आपल्या देशाचे नावही या क्षेत्रात आहे. कोलकात्याचे पल्लव नधानी यांनी २००२ मध्ये, विशीही ओलांडली नसताना, फ्यूजनचार्ट्सची सुरुवात केली आणि जगभर ग्राहक मिळवले. तिचे प्रारंभीचे आलेख फ्लॅशवर चालत. फ्लॅशचे दिवस सरत असल्याचे ओळखून ती जावास्क्रिप्टकडे वळली, म्हणून तगली; ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला, तेव्हा न वळलेल्या कित्येकांचे आलेख कायमचे मावळले. फ्यूजनचार्ट्स व्यावसायिक उत्पादन आहे, त्यामुळे आपल्या विषयाच्या परिघाबाहेर राहते. तिचा प्रवास मात्र माझ्या म्हणण्याला पुष्टी देतो.

मॅटप्लॉटलिबचा अनुभवही उद्बोधक आहे. जॉन हंटर या मज्जाशास्त्राच्या अभ्यासकाने मेंदूच्या विद्युत्लहरींचे आलेख काढण्याच्या गरजेतून ती घडवली आणि २००३ मध्ये लोकांपुढे ठेवली. पुढे ते स्वतः शिकागोतील वित्तीय व्यवहार करणाऱ्या संस्थेत काम करू लागले. लायब्ररीत शेअर बाजारासाठी एक खास विभागही होता. भावाचा दिवसभरातील आरंभ, उच्चांक, नीचांक आणि अखेर दाखवणाऱ्या मेणबत्तीच्या आकाराच्या आलेखांची त्यात सोय होती. २०१७ च्या २.० आवृत्तीत तो विभाग कालबाह्य ठरवला गेला आणि पुढे मूळ लायब्ररीतून बाहेर काढून स्वतंत्र करण्यात आला. सर्वसाधारण लायब्ररीच्या दृष्टीने वित्त हा अनेक पाहुण्यांपैकी एक असतो. त्याच्यासाठी राखीव खोली कायम राहीलच, अशी अपेक्षा धरू नये.

हे झाले जगभरच्या हिशेबनीसांचे प्रश्न. भारतीय, आणि त्यातही देवनागरी लिपीत हिशेब ठेवणाऱ्यांचे काही प्रश्न स्वतःचे आहेत, आणि लायब्ररी निवडणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाला ते सुचण्याचा संभव कमी. पहिला अंकांच्या गटांचा. आपण १,५०,००० असे लिहितो. पाश्चात्त्य पद्धतीत तेच १५०,००० होतात. इंदूर, बडोदे वा बेंगळुरू येथे राहणारा मराठी ग्राहक असो की अन्य कोणी भारतीय, लाख-कोटींच्या सवयीचा डोळा त्या दुसऱ्या आकड्यापाशी अडखळतो, आणि मोठ्या रकमेत अडखळणे म्हणजे चुकणेच. डी-थ्रीमध्ये आधी तीन, नंतर दोन-दोन अंकांचे गट पाडण्याची सूचना देता येते. ब्राउझरमधील अंगभूत सोय तर याहून पुढे जाते. ‘मराठी, भारत’ असे सांगितले की ती लाख-कोटींप्रमाणे गट पाडते आणि अंकही देवनागरी देते. हिंदीसाठी तीच सोय मूलतः इंग्रजी अंक देते, हा फरक कुतूहल वाढवणारा आहे. चार्ट जेएसची तिसरी मालिका याच अंगभूत सोयीचा आधार घेते.

दुसरा प्रश्न अक्षरांचा. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी. ‘कर्ज’ शब्दातील रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर जाऊन बसतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे मूळ घटक ओळखूही येत नाहीत. ही जुळणी करणारी यंत्रणा लायब्ररीपाशी नसेल, तर ‘किराणा’ची वेलांटी ‘क’नंतर जाऊन पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. मॅटप्लॉटलिबमध्ये ही उणीव वर्षानुवर्षे राहिली. ब्राउझरच्या आधाराने काढलेल्या आलेखांत अक्षरजुळणी ब्राउझरच करतो, त्यामुळे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. ब्राउझर-इंजिनचे ओझे वाहण्याची तक्रार मी वर केली खरी, पण मराठी वाचकाला त्या ओझ्याच्या बदल्यात शुद्ध अक्षर मिळते. मला हा सौदा परवडणारा वाटतो. तिसरी बाब आर्थिक वर्षाची. एप्रिल ते मार्च असा अक्ष मागता यावा. पण ही जबाबदारी लायब्ररीपेक्षा अहवाल लिहिणाऱ्याची अधिक.

मग मत कोणाच्या बाजूने? स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या किंवा स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या हिशेबाच्या आज्ञावलीसाठी मी आज चार्ट जेएसला कौल देईन. फायरफ्लाय-थ्रीनेही तीच निवडली आहे. डी-थ्री अधिक सामर्थ्यवान आहे, आणि बीनकाउंट या साध्या मजकुराच्या स्वरूपात हिशेब ठेवणाऱ्या आज्ञावलीच्या ‘फावा’ या दर्शनी भागाने तिचा सुरेख उपयोग केला आहे. परंतु डी-थ्री म्हणजे तयार आलेखांचा संच नसून आलेख घडवण्याची हत्यारे आहेत. ती चालवणारा कुशल माणूस प्रकल्प सोडून गेला, तर मागे राहणाऱ्यांची पंचाईत होते. चार्ट जेएसमध्ये प्रकार मोजके आहेत. वार्षिक जमाखर्चाला त्याहून अधिक लागत नाहीत.

देखणेपणाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे मी सर्वस्वी अव्हेरीत नाही. आलेख आकर्षक असेल तर माणूस पुन्हा पुन्हा हिशेब उघडून पाहतो, आणि हिशेब पाहण्याची सवय लागणे हीच मुळात मोठी कमाई आहे. पण रंगांच्या छटा आणि हलती चित्रे यांचा भर ओसरायला दोन महिने पुरतात. त्यानंतर माणूस आलेखाकडे वळतो तो प्रश्न घेऊन: गेल्या वर्षीपेक्षा वीजबिल का वाढले, ठेवीची मुदत संपेपर्यंत हाती किती राहील?

या सर्वांहून अलिप्त असा एक जुना पंथही आहे, आणि मला त्याचे आकर्षण आहे. जॉन वीगली यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ‘लेजर’ ही आज्ञावली आलेख काढतच नाही. ती तारीख आणि रक्कम यांचे दोन स्वच्छ रकाने बाहेर देते; ज्याला चित्र हवे त्याने ते ग्नूप्लॉटच्या हाती द्यावे. खतावणी आणि चित्रकार यांची ओळख केवळ त्या दोन रकान्यांपुरती. परवान्याचा तंटा नाही, कारण दोन्ही कार्यक्रम स्वतंत्र चालतात. उद्या ग्नूप्लॉटऐवजी दुसरे काही आले, तर खतावणीत एक अक्षरही बदलावे लागणार नाही. सर्वसामान्य ग्राहकाला आज्ञा टंकून हिशेब ठेवणे मानवणार नाही, हे मी जाणतो. आज्ञावलीकारांनी मात्र ही रचना अवश्य अभ्यासावी.

ग्नूकॅशच्या भाषांतरांत मराठी आणि कोकणीच्या फाईलीही आहेत. सी-डॅकने अनेक भारतीय भाषांसाठी हे काम केले. ज्या वाचकांना रस असेल, त्यांनी ती आज्ञावली उतरवून घ्यावी, खात्यांना ‘किराणा’, ‘कर्जहप्ता’, ‘विद्युत देयक’, ‘क्षेत्रभेटी’ अशी नावे द्यावीत, एप्रिल ते मार्च या काळाचा स्तंभालेख काढावा आणि पाहावे: वेलांटी जागेवर आहे काय, रफार योग्य अक्षरावर बसला आहे काय, अक्षावर १,५०,००० दिसतात की १५०,०००. काही वावगे आढळल्यास प्रकल्पाच्या दोष-नोंदवहीत पडद्याच्या छायाचित्रासह कळवावे. त्यासाठी प्रोग्रामर असण्याची आवश्यकता नाही. आणि देवनागरीतील चूक पकडणारा डोळा त्या प्रकल्पातील बहुतेकांपाशी नसल्याने अशी नोंद त्यांनाही हवीच असते.